एकुआ आंटी संघटनेत आल्या

सेकोंडीच्या मासळी बंदराकडे उतरताना डाव्या हाताला बर्फाच्या कारखान्याची लांब भिंत लागते. ती संपली की पत्र्याची एक शेड आहे. एकुआ अनामान तिथे बसतात. त्या पेंटर आहेत. होड्यांवरची नावं, खाणावळींच्या पाट्या, केस विंचरून, वेण्या घालून देणाऱ्या बायकांच्या दुकानांचे फलक, कधी एखाद्या शवपेटीवरची दोन ओळींची प्रार्थना, अशी सगळी कामं त्या करतात. त्यांचं अक्षर लांबूनही ओळखू येतं. पोटाला भरदार, शेवटी एकदम निमुळतं, आणि कुठेही थरथर नाही. शामापासून आक्सिमपर्यंतच्या किनाऱ्यावर निम्म्या होड्या तरी त्यांच्या हाताखालून गेलेल्या असतील. आम्ही सगळे त्यांना एकुआ आंटी म्हणतो.

मी फीफी गार्टी. ताकोरादीच्या मार्केट सर्कलजवळ माझं दुकान आहे. कॉम्प्युटरवर मयताची पोस्टरं, लग्नाच्या पत्रिका, चर्चचे बॅनर करतो. आमच्या भागातल्या ग्राफिक कलाकारांची जी संघटना आहे, तिच्या शाखेचा मी गेली आठ वर्षं चिटणीस आहे. हे पद मिरवण्यासारखं नाही. सभेला खुर्च्या लावणं आणि लोकांकडून फॉर्म भरून घेणं एवढंच त्यात येतं.

एकुआ आंटींकडे मी फॉर्म घेऊन तीनदा गेलो होतो. पहिल्यांदा त्यांनी तो ब्रश पुसायला वापरला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "तुमच्यात सगळे बटणं दाबणारे. माझ्या ब्रशला बटण कुठाय, दाखव बरं." तिसऱ्यांदा फॉर्मकडे न बघता माझ्या हातात केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, उंडा ठेवला आणि खाऊन जा म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं, हे मला घरी पोचल्यावर कळलं.

चौथ्यांदा त्या स्वतःच आल्या. कोजोक्रोमच्या प्राथमिक शाळेला बाहेरच्या भिंतीवर मुळाक्षरं आणि चित्रं रंगवून हवी होती, आणि शाळेच्या समितीने अट घातली होती की कलाकार कुठल्या तरी संघटनेचा सभासद हवा. आंटींना ते काम मनापासून हवं होतं. होडी समुद्रात जाते, पाटीचा रंग उन्हात उडतो, पण शाळेच्या भिंतीवरून मुलं अक्षर शिकतात, असं त्या म्हणाल्या. माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घे लिहून काय लिहायचंय ते."

मी विचारत गेलो. जन्मसाल झालं, पत्ता झाला.

"आंटी, इथे शिक्षण कुठे घेतलं असं विचारलंय."

"वडिलांच्या पायाशी."

"पायाशी नावाची शाळा नाही ना."

"मग काढा एक. तुमची संघटना कशाला आहे?"

मी 'वडिलांकडे' असं लिहिलं. त्यांचे वडील, पापा अनामान, हेसुद्धा पेंटर होते. त्याच शेडमध्ये बसायचे. पुढचं आंटींनी त्या दिवशी मला सांगितलं. नऊ वर्षांच्या एकुआने काढलेलं पहिलं अक्षर त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकलं होतं, आणि असं सलग सोळा वेळा पुसलं होतं. सतराव्यांदा पुसलं नाही. मुलीच्या जातीला शिडीवर चढवतो म्हणून बंदरावरच्या लोकांनी त्यांना नावं ठेवली, तेव्हा ते म्हणाले होते की शिडीला कळत नाही वर कोण चढलंय.

नियम असा आहे की नव्या सभासदाला फायदे वाचून दाखवायचे. मी वाचायला लागलो. कराराचा तयार नमुना मिळेल, कामाच्या दरांचं पुस्तक मिळेल, कुणी तुमचं चित्र चोरलं तर वकिलाचा सल्ला मिळेल. वकिलावर त्या हसल्या. भांडायला आपल्याला भाड्याचं तोंड लागत नाही, म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. वार्षिक प्रदर्शनात जागा मिळेल, यावर विचारलं, होडी भिंतीला टांगणार का? आजारपणात औषधोपचाराचा खर्च संघटनेच्या निधीतून होईल, हे ऐकून नुसता हात झटकला. शेवटी सातवं कलम आलं. सभासद आजारी पडला तर त्याच्या हातातलं काम शाखेतले बाकीचे सभासद पुरं करतील, कामावर नाव मात्र त्याचंच राहील.

इथे त्या थांबल्या. "म्हणजे माझ्या अक्षरात दुसऱ्याचा हात?"

"गरज पडली तरच."

"नाही पडायची," त्या म्हणाल्या आणि सही केली. ती सही बघून माझ्या शेजारी बसणारी फेलिसिया कामात असूनही उठून आली. फेलिसिया बायडू डब्याबाटल्यांची लेबलं करते. दिवसभर संगणकावरच्या हजारो तयार अक्षरांतून एक निवडायचं हे तिचं काम. तिने त्या कागदावरून बोट फिरवलं आणि आंटींना विचारलं की हे अक्षर कुठून घेतलं. आंटी म्हणाल्या, "खांद्यातून."

शाळेची भिंत त्यांनी रंगवली. सुरेख झाली. पण जे काम त्या दहा दिवसांत उरकतील असं आम्हाला वाटलं होतं, त्याला तीन आठवडे लागले. वय झालं, असं आम्ही धरून चाललो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या सभेला यायला लागल्या. मागच्या रांगेत बसायच्या. फळ्यावर काही लिहिलं की शेजारच्याला म्हणायच्या, "वाच रे जरा, चष्मा घरी राहिलाय." त्यांच्याकडे चष्माच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते नाना क्वोफींच्या. नाना क्वोफी म्हणजे बंदरावरचे जुने होडीवाले, सत्तरी ओलांडलेले, आणि आंटींच्या वडिलांचे मित्र. कुंदुमच्या सणाआधी त्यांची नवी मोठी होडी रंगवायची होती. पुढच्या टोकाला नक्षी, आणि दोन्ही अंगांना मोठ्या रोमन अक्षरांत एक वाक्य : समुद्र सगळं ऐकतो. काम अर्थातच आंटींकडे होतं. एक दिवस नाना माझ्या दुकानात आले. पोस्टर करायला कुणी मेलं की काय, म्हणून मी उठलो. त्यांनी मला बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं की नक्षीत जिथे निळा हवा तिथे हिरवा भरलाय, आणि एका बाजूची ओळ होडीच्या कडेवरून खाली घसरलीय.

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"वेडा आहेस का? तिला सांगितलं तर ती होडीसकट मला पाण्यात लोटेल." मग म्हणाले, "हिचा बापसुद्धा असाच निळ्याला हिरवा भरायला लागला होता. मी तेव्हाही बोललो नाही. तू बोल. तू चिटणीस आहेस."

मी एकटा गेलो नाही. फेलिसियाला घेतलं. आंटी होडीच्या सावलीत पाटावर बसून ब्रश धूत होत्या. मी आडून आडून सुरुवात केली, हवेबद्दल, रंगाच्या नव्या दुकानाबद्दल बोललो. फेलिसियाला ते सहन झालं नाही. तिने जमिनीवरचे दोन डबे उचलून त्यांच्यासमोर धरले आणि विचारलं, "आंटी, यातला निळा कुठला?"

आधी त्या चिडल्या. आम्ही दोघं काल शेंबूड पुसायला शिकलो, आणि त्यांना रंग शिकवायला आलो, वगैरे बरंच ऐकवलं. फेलिसियाने डबे खाली ठेवले नाहीत. शेवटी आंटींनी ब्रश फडक्यावर आडवा ठेवला.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याने दिसतं, पण पाम तेलाचं बोट लावलेल्या काचेतून बघावं तसं. अक्षर मी बघून काढत नाही गं. हाताला पाठ आहे म्हणून निघतं."

डॉक्टरला दाखवलं का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पापा अनामान शेवटची सहा वर्षं आंधळे होते. रोज सकाळी काठी टेकत शेडमध्ये यायचे, हातात कोरडा ब्रश घेऊन बसायचे, आणि एकुआ, आज काय लिहिलंस ते वाचून दाखव, म्हणायचे. त्यामुळे आंटींनी धरून ठेवलं होतं की हे अनामानांच्या रक्तात आहे आणि आपली पाळी आली. डॉक्टरकडे जाऊन ते नक्की करून घ्यायची त्यांना इच्छा नव्हती. लोकांना कळेपर्यंत काम करत राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शाळेच्या भिंतीचा एवढा ध्यास का होता, तेही मला तेव्हा समजलं.

पुढच्याच सोमवारी मी आणि फेलिसिया त्यांना घेऊन केप कोस्टला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत दिवा मारून पाहिलं, थेंब घातले, पुन्हा पाहिलं आणि सांगितलं की मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. आधी एक काढू, काही महिन्यांनी दुसरा. दिसेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, चांगलं दिसेल. जणू काही विशेष नाही अशा आवाजात म्हणाल्या.

आंटी म्हणाल्या, "माझ्या वडिलांचंही असंच होतं. हळूहळू गेलं. रंग आधी गेले."

"त्यांना तपासल्याशिवाय कसं सांगू, आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही सांगताय तसं असेल, तर बहुतेक हेच."

परतीच्या ट्रोट्रोत, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणाऱ्या भाड्याच्या व्हॅनमध्ये, त्या खिडकीशी बसल्या. एल्मिना गेलं, कोमेंडाचा फाटा गेला. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. फेलिसियाने त्यांचा हात धरून ठेवला होता. शामा जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "सहा वर्षं. सहा वर्षं तो माणूस कोरडा ब्रश घेऊन बसला. आम्हाला कुणी सांगितलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला निदान कुणीतरी डबे दाखवून विचारलं."

संघटनेच्या निधीचे कागद मी भरले. असे कागद मी अनेकांचे भरलेत, आणि दरवेळी कुठेतरी एक शिक्का कमी पडतो. या वेळी पडला नाही. मंजुरी नऊ दिवसांत आली. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, पण ती कुंदुमच्या अकरा दिवस आधीची होती, आणि नंतर तीन आठवडे ऊन, धूळ, वाकणं, रंगाचा वास सगळं बंद. नानांची होडी अर्धीच झाली होती.

शनिवारच्या सभेत मी सातवं कलम वाचून दाखवलं आणि कोण येतंय विचारलं. आमच्या शाखेत खरोखरचा ब्रश हातात धरणारे आंटी सोडून दोघंच होते, आणि ते दोघंही तेव्हा कुमासीला एका कामावर गेले होते. बाकी सगळे माझ्यासारखे. तरी सहा हात वर झाले. आंटी मागच्या रांगेतून म्हणाल्या की नको, नाना दुसरा पेंटर बघतील. नाना सभासद नव्हते, तरी दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "मी दुसरा बघणार नाही. होडी थांबेल." होडी थांबणं म्हणजे काय, हे बंदरावर वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही. अठरा माणसांची घरं त्या होडीवर होती. मग आंटी म्हणाल्या, "मंगळवारी या. सकाळी सातला. उशीर करणाऱ्याला परत पाठवीन."

मंगळवारी समुद्राला सुट्टी असते, कुणी जाळं टाकत नाही, त्यामुळे वाळूवर जागाच जागा होती. आंटींनी प्लायवूडचे तुकडे मांडून ठेवले होते. आम्ही सहाजण शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बसलो. ब्रश कसा धरायचा, हाताखाली काठी कशी टेकवायची, रंग किती घ्यायचा, श्वास कधी सोडायचा, सगळं त्यांनी आमच्या मनगटाला धरून शिकवलं. डोळ्यांनी त्यांना धड दिसत नव्हतं, पण आमच्या हाताला हात लावला की चूक कळायची. बँकांची जाहिरातपत्रकं करणारा एबो नावाचा आमचा गडी आहे, अगदी टापटिपीचा. त्याचा एस पहिल्याच फटक्यात वाकडा गेला. तो हताश होऊन म्हणाला, "आंटी, इथे झालेलं मागे घ्यायचं बटण कुठे असतं?"

त्यांनी त्याच्या अंगावर रॉकेलचं फडकं टाकलं. "हे घे. कितीही वेळा दाब."

दोन मंगळवार आणि मधली चार दुपारं आम्ही फक्त होडीवरच्या ओळीतली अक्षरं काढली. दुकानं अर्धा दिवस बंद. माझ्या बोटांना एवढे घट्टे कधी पडले नव्हते. मग आंटी केप कोस्टला गेल्या. त्यांच्याबरोबर त्यांची बहीण राहिली, आणि आम्ही होडीला भिडलो. घसरलेली ओळ खरवडून काढली, अस्तर दिलं, खडूने रेघ मारली. नक्षीतला हिरवा काढून निळा भरला. नाना क्वोफी रोज खुर्ची टाकून बसायचे आणि आमच्यापेक्षा जास्त घाबरलेले असायचे. बंदरावरच्या बाया मासे वाळवता वाळवता आमची टिंगल करायच्या. एक म्हणाली, "सहा पुरुष-बाया मिळून एका म्हातारीएवढं होत नाही." खरं होतं ते. तिनेच दुपारी तळलेले मासे आणि मिरचीची चटणी पाठवली.

कुंदुमच्या दोन दिवस आधी अक्षरं पुरी झाली. कोपऱ्यात सहीची जागा आम्ही मोकळी ठेवली. होडी सणात तशीच, बिनसहीची, पाण्यात उतरली.

आंटींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा मी तिथे नव्हतो. त्यांच्या बहिणीने सांगितलं की त्यांनी पहिल्यांदा नर्सच्या झग्याची बटणं मोजली. पाच. मग दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "इतकी म्हातारी झाले मी?" घरी आल्यावर शेडसमोरच्या स्वतःच्या पाटीकडे बघत बसल्या. पांढरा म्हणून जो रंग त्या दीड वर्ष वापरत होत्या, तो पिवळट निघाला.

तीन आठवडे भरले त्या मंगळवारी त्या किनाऱ्यावर आल्या. काळा चष्मा, डोक्यावर रुंद टोपी. आम्ही सहाहीजण होतो. त्या होडीच्या एका अंगाने गेल्या, टोकाला वळसा घातला, दुसऱ्या अंगाने आल्या. प्रत्येक अक्षरापाशी थांबल्या.

"हा एस पोटात सैल आहे," त्या म्हणाल्या. "हा एबोचा."

एबोने मान खाली घातली.

"इथे दोन अक्षरांत जास्त फट आहे. इथे रंग ओघळला आणि कुणीतरी नखाने खरवडला. फीफी, तूच असशील." मीच होतो. एकूण पाच चुका काढल्या. फेलिसियाने ब्रश आणि फडकं पुढे केलं, दुरुस्त करा म्हणून. आंटींनी फडकं बाजूला ठेवलं आणि फक्त ब्रश घेतला.

"राहू दे. पुसायचं नाही हे."

पापा अनामानांनी सतराव्या अक्षराला काय केलं होतं ते तिथे आंटींशिवाय फक्त मला माहीत होतं.

त्या सहीच्या जागेपाशी वाळूवर बसल्या आणि आपलं नाव काढलं. मग थांबल्या नाहीत. खाली बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत आमची नावं लिहायला लागल्या. मी म्हणालो, आंटी, नियमात फक्त तुमचंच नाव आहे. त्या म्हणाल्या, "नियम तुमचा आहे. होडीवर लिहिणारी मी आहे." सहा नावं काढायला त्यांना अख्खी दुपार लागली, कारण त्या डोळ्याने बघून काढत होत्या आणि त्याचाच त्यांना आनंद होत होता. एक नाव झालं की मागे सरकून बघायच्या, हसायच्या, पुढचं घ्यायच्या. माझं नाव माझ्या हाताने मी हजारदा छापलंय. ते असं कुणी लिहून दिलं नव्हतं. मी पाठ फिरवून समुद्राकडे बघत उभा राहिलो, वाळू डोळ्यात गेल्यासारखं करत.

दुसरा डोळा पुढच्या मार्चमध्ये झाला. आता त्या दर मंगळवारी शेडमागे ब्रशचा वर्ग घेतात, आणि आमच्या शाखेच्या फायद्यांच्या यादीत तो आठवा म्हणून मी रीतसर घातला आहे. फेलिसियाने आपल्या लेबलांसाठी स्वतःच्या हाताचं अक्षर केलंय. गिऱ्हाइकं तेच मागतात. एबो अजून एस काढतोय.

डिसेंबरच्या सभेत नवे चार सभासद होते. मी नेहमीप्रमाणे यादी काढली, तेव्हा आंटी म्हणाल्या, आज मी सांगते. पुढे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा लावला होता, खराखुरा.

"हा फीफी तुम्हाला आठ गोष्टी वाचून दाखवेल. मला वाचून दाखवल्या तेव्हा मी हसले होते," त्या म्हणाल्या. "मी आपलं एवढंच सांगते. मी डोळे बांधून पडले होते तेव्हा माझं काम पोरकं झालं नाही. माझ्या बापाला हे मिळालं नाही. मला मिळालं. मी देवाचे आभार मानते, मग डॉक्टरीणबाईंचे, आणि मग या बटणं दाबणाऱ्यांचे."

नव्यांपैकी एकाने विचारलं की सभासद व्हायला सगळ्यात आधी काय करावं लागतं.

"सही," त्या म्हणाल्या. "आणि ती नीट काढ, फेलिसिया बघेल."

मग सगळे उठले, कारण नाना क्वोफींनी सभेसाठी केंकी आणि मासे पाठवले होते आणि ते गार होत होते.